तीन अणू जाडीची नजर

मोहिते फाउंड्रीत तीन पिढ्या लोखंड वितळलं. चौथ्या पिढीला, म्हणजे दौलतराव मोहित्यांना, लोखंडाचा कंटाळा आला आणि त्यांनी गोकुळ शिरगावच्या त्याच शेडमध्ये जगातली सगळ्यात पातळ वस्तू बनवायला घेतली. बोर्ड बदलला, भट्टी बदलली, कामगारांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे डगले आले. खंडेनवमी तेवढी बदलली नाही. खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली नाही तर यंत्र रुसतं, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इंजिनियरांनाही ठाऊक असतं, पण ते बोलून दाखवत नाहीत.

केतकी इंगवले इंजिनियर होती. नवी भट्टी तिच्या हाताखाली होती. भट्टी म्हणजे खरं तर काचेसारखी दिसणारी क्वार्ट्झची एक लांबट नळी, तिच्यात नीलमाची चकती ठेवायची आणि वरून मोलिब्डेनम आणि टेल्युरियमची वाफ सोडायची. चकतीवर जो थर बसायचा त्याची जाडी पाहुण्यांनी विचारली की केतकी सांगायची, "तीन अणू." पाहुणे हसायचे. केतकी हसायची नाही, म्हणून मग तेही थांबायचे.

"आतल्या खोलीत धूळ चालत नाही मालक," त्या खंडेनवमीला तिने दौलतरावांना सांगितलं. त्या खोलीत तोंडाला पावडर लावलेल्या माणसाला प्रवेश नव्हता. शिंक येईलसं वाटणाऱ्याने तशी आगाऊ सूचना द्यायची होती.

"कुंकू म्हणजे धूळ?" दौलतराव डगल्याच्या आतून म्हणाले. डगला त्यांना पोटावर होत नव्हता. "तुझ्या आईनं केलेलं कुंकू हाय ते. धूळ म्हणून सांगू काय त्यांना?"

"मग बाहेरच्या दाराला लावते."

"पूजा भट्टीची हाय, दाराची न्हवं. माझ्या आज्यानं एकदाच कुंकू न लावता लोखंडाचा रस ओतला. त्यातनं निघालेलं पंपाचं वाकडं कवच अजून परड्यात पडलंय. कुत्री व्यालीय त्यात."

केतकीने हातमोजा घातलेली अनामिका करंड्यात बुडवली आणि नळीच्या तोंडाशी, आतल्या कडेला, एक टिकली लावली. कुंकू तिच्या आईने केलेलं होतं. संजीवनीबाई दरवर्षी हळकुंडं लिंबाच्या रसात, टाकणखारात आणि तुरटीत भिजवून, वाळवून, कुटून कुंकू करायच्या आणि अख्ख्या गल्लीला वाटायच्या. स्वतः लावत नसत, कारण केतकीचे वडील वारले होते. आणि ते किती लाल होतं हेही त्यांना दिसत नसे, कारण केतकी शाळेत असतानाच त्यांच्या डोळ्यांचे पडदे हळूहळू वाळत जाऊन विझले होते.

दसऱ्यानंतर भट्टी पेटवली आणि त्या पहिल्या घाण्यात असा थर उतरला की केतकीने आधी यंत्र बिघडलं असं समजून ते बंद केलं.

आता हे का झालं ते समजायला थोडं त्या थराबद्दल. त्यात अणूंच्या तीन रांगा असतात. वर टेल्युरियम, मध्ये मोलिब्डेनम, खाली परत टेल्युरियम. पण तीच माणसं एकाच पंगतीत दोन तऱ्हांनी बसू शकतात. वरचा टेल्युरियम खालच्याच्या बरोबर डोक्यावर बसला, तर थरावर उजेड पडताच त्यातून विजेची बारीकशी झुळूक निघते. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या जिवंत पेशींचं काम हेच. म्हणून तो थर मेलेल्या पडद्यावर अंथरला तर आंधळ्या माणसाला दिसतं. वरचा टेल्युरियम थोडा बाजूला सरकून बसला, की तोच थर धातू होतो, आणि धातूला सूर्य दाखवला तरी त्याला काही वाटत नाही. माणसं तीच, पंगत तीच, फक्त एकाने मांडी बदलली. टेल्युरियमची खोड अशी की दोन बैठकींत त्याला फारसा फरक वाटत नाही. शेजारच्याने मांडी बदलली की याचीही अवघडते.

त्याला धाकात ठेवतो तो खालचा नीलम. अंगठीतला निळा नव्हे, कारखान्यात वाढवलेला त्याचा बिनरंगी भाऊ. त्याच्या पृष्ठभागावर अणूंच्या पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांवर थराचे त्रिकोणी तुकडे उगवतात, सगळे एकाच दिशेला तोंड करून, आणि वाढत वाढत एकमेकांना मिळून त्यांची अखंड चादर होते. निदान व्हायला हवी. केतकीच्या भट्टीत आजवर टिकलीएवढ्याच चादरी झाल्या होत्या. कुंकवाच्या घाण्यातली चादर सबंध चकती भरून, एक भोक नाही, एक सुरकुती नाही.

दौलतरावांनी निष्कर्ष काढायला वेळ लावला नाही. त्या दिवसापासून दर घाण्याला कुंकू. प्रक्रियेच्या मसुद्यात ते 'लाल सेंद्रिय पूड, अनामिकेने' असं नोंदवलं गेलं. परदेशी तपासनीस आला तेव्हा त्याने विचारलं, अनामिकाच का? दौलतराव म्हणाले, "तर्जनी पितरांची." तपासनीसाने मान डोलावून ते लिहून घेतलं, प्रक्रिया मंजूर झाली आणि चादरी लोकांच्या डोळ्यांत बसायला लागल्या. संजीवनीबाईंना कंपनीचं कायमचं काम मिळालं.

आणि पहिल्या घाण्यातली चादरही त्यांनाच मिळाली, कारण केतकीने ती मागून घेतली. कुंकू जिचं तिला पहिला मान, असं म्हणून दौलतरावांनीही ती हसत दिली.

चादर डोळ्यांत बसवल्यावर पट्टी सोडली त्या दिवशी संजीवनीबाई बराच वेळ केतकीकडे बघत राहिल्या. डॉक्टर, नर्स, केतकी, सगळे पलंगाभोवती उभे.

"तुला दोन वेण्यांत सोडलं होतं मी," आई म्हणाली. "एवढी जाड कधी झालीस?"

केतकी रडायला लागली. नर्स हसायला लागली. आईने नर्सकडे बघितलं आणि तिला लिपस्टिकचा रंग शोभत नाही असं सांगितलं.

पुढचे महिने आईने घरातली एकही गोष्ट बघायची सोडली नाही. कोपऱ्यातली जळमटं काढली. अठरा वर्षं आवाजावर ज्याच्यावर जीव टाकला, तो मालिकेतला नायक पाहून तिने टीव्हीच बंद केला. "हा? ह्या मेल्यासाठी मी रडत होते?" कुंकू मात्र ती परातीत पसरून, ऊन पडेल अशा जागी घेऊन बसायची. आपण इतकी वर्षं काय करत होतो ते तिला आता दिसत होतं. एकदा केतकी कामावरून आली तर आई परातीपुढे तशीच बसलेली, कुटायचं थांबवून.

"काय झालं?"

"काही न्हाई. लाल किती हाय गं."

होळीच्या सुमाराला आई भिंतीकडे बघून म्हणाली, "केतू, तिथं काळा समोसा कुणी चिकटवलाय?"

केतकी हसली. मग हसायची थांबली. डोळ्याच्या रोगात डाग पडतात, धुकं येतं, कडा विरघळतात. सरळ रेषांचा त्रिकोण कुठल्याही रोगात येत नाही. त्रिकोण फक्त भट्टीत उगवतो.

दुसऱ्या दिवशी ती आईच्या चादरीचा, नीलमावरून सोलून उरलेला तुकडा घेऊन विश्वजित मगदूमकडे गेली. मगदूम लेझरच्या यंत्रावर बसायचा. थरावर लेझर टाकायचा आणि परतलेल्या उजेडावरून अणू कसे बसलेत ते सांगायचा. कारखान्यात त्याला ज्योतिषी म्हणत.

"पत्रिका बघ जरा," केतकी म्हणाली.

मगदूमने बघितलं. पुन्हा बघितलं. नेहमी तो एखादा विनोद करायचा. या वेळी त्याने खुर्ची मागे सरकवली. "हितं मंगळ हाय. हितं पण. सोडियम हाय गं हा. चादरीच्या खाली जागोजाग बसलाय. आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे मांडी बदलायला लागलेत."

"सोडियम कुठून येणार? आत मीठ नेत नाही आपण."

मग मगदूम हळूच म्हणाला, "टाकणखार."

टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि बोरॅक्समध्ये सोडियम. तापलेल्या नळीत त्याची वाफ होऊन ती चकतीवर बसली होती. सोडियमने त्रिकोणांना भराभर वाढवलं, म्हणून चादर एवढी सुंदर झाली. आणि तोच सोडियम चादरीखाली लपून राहिला. नीलमावर होती तोवर चादरीने त्या सोडियमला दाद दिली नाही. नीलमावरून सोलून डोळ्याच्या वाटीसारख्या पडद्यावर ताणली, तेव्हा तिच्यावरचा नीलमाचा धाक गेला.

"आणि अजून एक," मगदूम म्हणाला. "मी जिथं लेझर मारतोय ना, तिथं डाग माझ्यादेखत वाढतोय. उजेडानं वाढतोय."

केतकीला ते समजलं. आईने भिंत बघितली की आईच्या डोळ्यातला भिंतीएवढा भाग जात होता. जे जे बघावं तेवढी नजर खर्ची पडत होती. परातीतलं लाल बघून बघून आईने नजरेचा सगळ्यात चांगला भाग तिथेच घालवला होता.

चादर काढून नवी घालणं शक्य नव्हतं. ती पडद्याला अशी चिकटते की ओढली तर पडदाच हातात येतो.

दौलतरावांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोकं धरलं, पाणी प्यायले, मग म्हणाले, "बंद कसं करायचं? कुंकवासकट मंजुरी हाय. कुंकू काढलं तर आपण बेकायदा."

"लोक आंधळे होणार आहेत मालक."

"ते आधी आंधळेच होते की," दौलतराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांनी जीभ चावली. मग म्हणाले, "बिनटाकणखाराचं कुंकू करता येईल काय गं?"

शेवटी कंपनीने चादर बसवलेल्या सगळ्यांना गुढीपाडव्याची भेट म्हणून काळे गॉगल आणि चिवड्याचं पाकीट पाठवलं. सोबत एक ओळ: डोळ्यांना विश्रांती द्यावी, अनावश्यक पाहणे टाळावे. आवश्यक पाहणे कोणते, याचा खुलासा मागणारे फोन सुरू झाले. इचलकरंजीचे एक निवृत्त मास्तर विचारत होते, बायको आवश्यक की अनावश्यक? त्यांची बायको शेजारून ओरडताना ऐकू येत होती. फोन केतकीकडे होता. तिने सांगितलं, "थोडं थोडं बघा."

"माझ्या आईला कुंकवाचं कळता कामा नये," तिने दौलतरावांना बजावलं.

"मी कशाला सांगू?" ते दुखावून म्हणाले.

घरी तिने आईला अर्धं सांगितलं. यंत्रात दोष निघाला, उजेडाने नजर झिजते, जपून वापर. कुंकवाचं नाव काढलं नाही.

आईने सगळं ऐकलं. उठली, केतकीच्या वडिलांची जुनी छत्री काढली, तिचं काळं कापड फाडून त्याची पट्टी केली आणि डोळ्यांवर बांधली.

"हे काय?"

"शिल्लक ठेवते. तुझं लग्न बघायचंय."

"आई, मला लग्न करायचं नाहीये. तुला माहितीये."

"मग पट्टी सुटणार न्हाई."

"मी इथे समोर उभी आहे. मला बघ की."

"तुला बघितलं. जाड झालीयस."

वाद घालून उपयोग नव्हता. आईने अठरा वर्षं अंधारात काढली होती. तिला अंधाराची भीती दाखवणं म्हणजे माशाला बुडवण्याची धमकी देण्यासारखं होतं. ती पट्टी बांधून भाकरी थापायची, पट्टी बांधून कुंकू कुटायची, आणि शेजारणींना सांगायची, "माझ्याकडं नजर हाय, पण ठेवणीतली हाय." ठेवणीतल्या शालूसारखं. शेजारणींनाही ते पटलं. केतकीलाही थोडं पटलं. निदान शिल्लक तरी राहील.

केतकीने चादरीच्या त्याच उरलेल्या तुकड्यातून दोन कपटे काढून दोन काचेच्या गोट्यांवर ताणून बसवले होते. गोटी साधारण डोळ्याएवढी. एक खिडकीत ठेवली, एक ड्रॉवरमध्ये, काळ्या कागदात गुंडाळून. खिडकीतली आठवड्यात गेली. ते अपेक्षितच होतं. ड्रॉवरमधली तिने मे महिन्यात मगदूमला दिली.

मगदूम यंत्रावरून उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"सांग की," केतकी म्हणाली.

"अंधारातली पण निम्म्यापेक्षा जास्त गेलीय. एकदा इतक्यांनी मांडी बदलली की उजेड लागत न्हाई गं. एकामुळं दुसरा, दुसऱ्यामुळं तिसरा. नुसता ताण पुरतो." तो वळला. "काकींची पट्टी काढ. राहिलंय तेवढं तरी बघू देत त्यांना."

"ती काढणार नाही. जावई दाखवल्याशिवाय नाही."

मगदूमने विचार केला. "मग दाखवू की जावई. मी येतो. पोहे असतील तर."

अशा रीतीने रविवारी दुपारी चारला विश्वजित मगदूमने केतकीला बघायला यायचं ठरलं. पोरगा चांगला, लेझरवर असतो, निर्व्यसनी, एवढं ऐकून आईने ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं, पट्टीसकट दोनदा चेहरा पुसला, आणि पोह्यांत लिंबू कमी आहे असं वासावरून सांगितलं. समोरची प्लॅस्टिकची खुर्ची तिने हाताने चाचपून उजेडाच्या बाजूला सरकवली. "हितं बसव त्याला. एकदाच बघणार, नीट बघते."

चारला कुणी आलं नाही. सव्वाचारला केतकीच्या फोनवर मगदूमचा निरोप आला. "बायकोला कळलं मी मुलगी बघायला चाललोय. बाहेरून कडी घातलीय. विज्ञानासाठी आहे म्हटलं. ऐकत नाही."

केतकीने तो निरोप दोनदा वाचला. मगदूम विवाहित आहे ही गोष्ट त्यांच्या योजनेत दोघांनीही किरकोळ धरली होती.

बाहेर फाटक वाजलं. शेजारचं मांजर होतं.

"आला काय?" आई म्हणाली. तिचे हात आधीच मानेमागे गाठीवर गेले होते.

नाही म्हटलं असतं तर गाठ तशीच राहिली असती. उद्या, परवा, पुढच्या रविवारी. आणि आत एकामुळे दुसरा, दुसऱ्यामुळे तिसरा. केतकीने स्वतःचं स्कूटरचं हेल्मेट त्या रिकाम्या खुर्चीत ठेवलं आणि म्हणाली, "आला की. या, बसा ना."

आईने पट्टी सोडली.

डोळे उघडले. केतकीने खुर्चीकडे बघितलंच नाही, ती आईच्या डोळ्यांकडे बघत होती. उन्हाची तिरीप सरळ त्यांच्यावर पडली होती. बुबुळं हलली नाहीत. आईने चेहरा बरोबर तिकडे वळवला, जिकडे केतकीचा आवाज गेला होता.

पंखा फिरत होता.

"उंची बरी हाय," आई म्हणाली.

खुर्चीत हेल्मेट होतं.

"हो," केतकी म्हणाली.

"नाक सरळ हाय. रंग जरा..." आई थांबली. "चालंल. तू कुठं गोरी लागून गेलीयस? बोलत का न्हाई पण?"

"बुजलेत."

"बुजू दे. बोलणाऱ्यांचं काय खरं नसतं. पोहे दे की त्यांना."

केतकीने पोह्यांची बशी हेल्मेटसमोर ठेवली. चमचाही ठेवला. आईने चमच्याचा आवाज ऐकून समाधानाने मान हलवली आणि म्हणाली, "करंडा आण. पहिल्यांदा घरी आलाय, तसाच पाठवायचा न्हाई."

"आई, राहू दे ना."

"आण म्हणते ना."

केतकीने करंडा आणला. आईने अनामिका कुंकवात बुडवली आणि हात पुढे केला. तो हवेत थांबला, कुणाच्या तरी कपाळाची वाट बघत. केतकीने हेल्मेट उचललं आणि त्या बोटाखाली धरलं.

बोट काचेला लागलं. थांबलं. मग आईने हळूच, सावकाश टिळा ओढला, जसा ओढायचा तसा, खालून वर.

"कपाळ गार हाय गं यांचं."

"एसीत काम असतं."

"गुळगुळीत पण हाय."

"हो."

आईने बोट काढलं नाही. ते तसंच काचेवर टेकलेलं होतं, आणि बोटाखाली कुंकू होतं, तिनेच केलेलं, गल्लीत कुणाचं नसेल इतकं लाल.

"परवा मालकांचा ड्रायव्हर आला होता," आई म्हणाली. "म्हणाला, काकी, इथून पुढं टाकणखार घालायचा न्हाई." मग, "जास्त झाला होता काय गं माझ्याकडनं?"

केतकीने हेल्मेट घट्ट धरलं. "नाही आई. बरोबर झाला होता. कधी आली नाही इतकी छान चादर आली."

"मग झालं," आई म्हणाली. तिने छत्रीचं कापड मांडीवरून उचललं, डोळ्यांवर ठेवलं आणि दोन्ही टोकं मागे केली. "पोरगा बघून झाला. राहिलेली नजर लग्नाला ठेवते. बांध."

केतकी मागे गेली आणि गाठ मारायला लागली.

"घट्ट मार," आई म्हणाली. "उजेड शिरतोय."